चकतीवरचं कुंकू

ताई, रविवारी मी लोकांपुढे उभी राहून बोलले. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "कोण, शोभी? जाय वं, काहीबी सांगून राहिली." पण बोलले. तुझ्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, तुझ्या वस्तीतली माणसं, आपल्या विमानांच्या हँगरचे लोक. मी सगळ्यांच्या मागे, चपला काढतात तिथे बसले होते. तिथून उठले.

काय बोलले ते तुला सांगायचं आहे. खरं म्हणजे ते सगळ्यांत आधी तुलाच सांगायचं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडे अकरा वर्षं होती. एक चूक मी केली आणि ती तुझ्या नावावर राहिली. तू गेलीस तेव्हाही तुझ्याच नावावर होती. सारखं तेच मनात यायचं. आता पहिल्यापासून लिहिते, नाहीतर मधलं अवघड तेवढं गाळून टाकीन. तुला माझी सवय माहीत आहे.

मी कामाला आले तेव्हा झाडू-पोछ्याचं काम समजून आले होते. ज्या बाईने धाडलं तिने विमानतळाकडे साफसफाई आहे एवढंच सांगितलं होतं. महाल वस्तीतून दोन गाड्या बदलून पोचले, तर समोर सहा लहान विमानं उभी. दोन माणसं बसतील अशी, चार बसतील अशी, शिकणाऱ्या पोरापोरींची. एवढ्या जवळून मी विमान कधी पाहिलं नव्हतं. तू माझ्या हातात बादली दिलीस. मी माझ्या पिशवीतून तारेची घासणी काढली आणि कपडे धुण्याच्या पावडरची पुडी. पहिल्याच दिवशी चांगलं काम दाखवायचं म्हणून घरून आणली होती. पंखावर घासणी टेकणार, तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस.

"हे भगोणं नाही वं बाई," तू म्हणालीस. "हे वर जाते. माणसं घेऊन जाते."

रागावली नाहीस. घासणी चहाच्या भांड्यांपाशी नेऊन ठेवलीस आणि तिथूनच शिकवायला लागलीस. आधी नुसतं पाणी, वरून खाली. धूळ आपली आपण सुटू द्यायची, धुळीवर कापड फिरवलं की रंगावर ओरखडे पडतात. साबण कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला तोच, दुसरा कितीही वास मारत असला तरी नाही. उन्हात धुवायचं नाही. आपल्याकडच्या उन्हात साबण अंगावरच वाळतो आणि डाग धरतो, म्हणून मे महिन्यात आपण दिवस उगवायच्या आत पाणी मारायला लागायचो. बिजागऱ्यांवर आणि चाकांच्या आत जोराची धार सोडायची नाही, तिथलं वंगण वाहून जातं. पुढच्या पंख्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. बंद असला तरी नाही, चावी साहेबांच्या खिशात असली तरी नाही. "तो झोपला हाय असं समजाचं. मेला असं कधी समजाचं नाही," तू सांगायचीस.

समोरची काच तर काच नव्हतीच. ते प्लास्टिक आहे, घरच्या काचेचा फवारा मारला तर बारीक तडे जातात, हे मला तू सांगितलंस. तिथे कापडाच्या आधी तळहात. पाणी सोडत चाचपायचं, बोटाला एक कण लागता कामा नये, मग मऊ कापड, तेही सरळ वर-खाली. मी विचारलं होतं, गोल पुसलं तर काय होते? तू मला विमानात नेऊन बसवलंस आणि उगवत्या सूर्याकडे पाहायला लावलंस. कुणीतरी कधीतरी गोल पुसलेलं होतं. सगळ्या काचेवर उजेडाची जाळी पसरली आणि मला पलीकडचं झाड दिसेना. त्यानंतर मी घरचा आरसासुद्धा गोल पुसला नाही.

बांगड्यांवरून आपलं जुंपलं होतं, आठवते? तू म्हणालीस काढ, रंगाला लागतात. मी म्हटलं नाही काढणार, सासू घरात घेणार नाही. तेवढं एक मी तुझ्याशी मोठ्याने बोलले होते. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी जुन्या मोज्यांचे पंजे कापून दोन नळ्या आणल्यास, माझ्या बांगड्यांवरून कोपरापर्यंत चढवल्यास आणि म्हणालीस, "घे. तुह्या सासूचंबी राह्यलं अन् विमानाचंबी राह्यलं." आता आम्ही तिघी आहोत कामाला, तिघींच्या हातात मोजे. मोठे कॅप्टन काचेपाशी काही पाहायला आले की घड्याळाचा हात पुढे करतात आणि म्हणतात, मलाही एक द्या.

तू काही मेकॅनिक नव्हतीस. सातवी शिकलेली. झाडायला म्हणून आली होतीस आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या मागे फिरून विमान धुणं शिकलीस. कंपनीचं इंग्रजी पुस्तक तू तुझ्या लेकीकडून, प्रज्ञाकडून, वाचून घेतलंस आणि एका वहीत मराठीत उतरवलंस. पॉलिशचं पान मला अजून पाठ आहे. थोडं घ्यायचं, पातळ लावायचं, हात सरळ चालवायचा. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या कडेला पांढरं राहिलं तर मऊ ब्रशने काढायचं. पंखाच्या पुढच्या कडेवर मेणाचा हात जास्त, म्हणजे आदळलेले किडे पाण्याने सुटतात, खरवडावे लागत नाहीत.

कापडासाठी तू मला इतवारीच्या बाजारात नेत होतीस. बनियनच्या कापडाचे तुकडे. तू एकेक तुकडा गालावर फिरवून घ्यायचीस, शिवण असलेला बाजूला टाकायचीस. दुकानदार विचारायचा, मावशी, पाळण्यातली गादी शिवून राहिल्या का? तू म्हणायचीस, विमान पुसाचं हाय. तो इतका हसायचा की शेजारच्या दुकानातून माणसं डोकावायची. मग एकदा तू त्याला प्रज्ञाच्या मोबाइलवरचा फोटो दाखवलास, तू पंखाखाली, हातात कापड. त्याचं हसू तिथेच थांबलं. तेव्हापासून आपण गेलो की तो मऊ गठ्ठा आतून काढून आणतो. परवा मी एकटी गेले होते. त्याने विचारलं, विमानवाल्या मावशी नाही आल्या? मला सांगता आलं नाही. मी मान हलवली आणि तुकडे गालावर फिरवत बसले.

सांगता न येणं हा आपला जुना वाद. मला काही दिसलं की मी तुझ्या कानात सांगायची आणि तू साहेबांना. तुला ते पटायचं नाही. "माह्या तोंडानं किती दिवस बोलशील?" तू म्हणायचीस. एकदा एका रिव्हेटमागे काळी रेघ दिसली. पुसली, तर पुढच्या खेपेला तिथेच पुन्हा. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तुला सांगितलं आणि तू साफ नाही म्हणालीस. डोळे तुझे, तूच सांग. मी डोंगरे साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. ते आपले इंजिनिअर, माणूस चांगला, पण कागदातून मान वर केली की माझी जीभ आत जायची. किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी त्यांनीच विचारलं, सुट्टी पाहिजे का? मी हो म्हटलं. त्यांनी दिली.

मी परत येऊन तुला सांगितलं, उद्या सुट्टी आहे. तू बादली खाली ठेवून हसलीस, हसता हसता फरशीवर बसलीस. मग पदराने डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "आता जाय, अन् सुट्टी वापस कर." मी गेले. बोलले नाहीच. साहेबांना हाताने खूण केली, ते मागे आले, मी त्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं. रिव्हेट ढिला झाला होता, हलून हलून काळी भुकटी बाहेर टाकत होता. ते विमान त्या दिवशी उडालं नाही. साहेब म्हणाले, नजर चांगली आहे. तू मागे उभी होतीस. तुझं तोंड मी पाहिलं होतं, जसं काही तुलाच म्हणाले.

आता नवमीचं लिहिते.

माझी दुसरीच खंडेनवमी होती हँगरवर. दरवर्षी विमानं धुऊन, पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. पाने, पक्कड, शिडी, सगळ्यांची होते. तू विमानं आमच्यापेक्षा जास्त घासायचीस आणि पूजेच्या वेळी बाहेर नळापाशी कापडं धूत बसायचीस. तुझी पूजा नव्हती. दुसऱ्या दिवशी तुझा मोठा दिवस, घरचे सगळे दीक्षाभूमीला जायचे, येताना माझ्यासाठी तू काहीतरी आणायचीस. कोणी तुला पूजेला बोलावलं नाही आणि तू कोणाला अडवलं नाहीस. एवढंच सांगून ठेवायचीस की नारळ पंख्यावर फोडू नका, बाहेर दगडावर फोडा, आणि कुंकू लावायचं तर चाकावर लावा, बाकी अंगाला नको.

त्या वर्षी साहेबांनी मला म्हटलं, शोभाबाई, तुम्ही लावा हळदीकुंकू. मला. सगळे उभे, आणि ताट माझ्या हातात. मी सासरच्या शेतात बैलांच्या कपाळाला लावलं होतं, दाराच्या उंबऱ्याला लावलं होतं, विमानाला कधी नाही. चाकांना लावलं. ताट हातोहात फिरून माझ्याकडे परत आलं तोवर बाकीचे नारळ फोडायला बाहेर गेले होते. मग तीन नंबरच्या विमानाच्या डाव्या अंगाला, दरवाजाच्या थोडं पुढे, ती चकती दिसली. रुपयाएवढी, चकचकीत, बरोबर गोल. कपाळावर जागा सोडलेली असावी अशी. मी ओलं हळदकुंकू बोटावर घेतलं आणि तिथे दाबून लावलं. छान दिसलं. मला वाटलं, हे राहिलं होतं, बरं झालं लक्षात आलं.

त्या चकतीत सुईएवढी भोकं आहेत. त्यांतून बाहेरची हवा आत जाते आणि त्यावरून पायलटला कळतं की आपण किती उंच आहोत. ती बंद झाली तर काटा खोटं सांगतो. धुताना आपण तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवतो, धुऊन झालं की काढतो, हे मी रोज तुझ्यासोबत करत होते. ती पट्टी कशासाठी ते मी तोवर एकदाही विचारलं नव्हतं. पाणी जाऊ नये म्हणून असेल, एवढंच माझ्या डोक्यात. माझी चूक कुंकवापासून नाही, तिथपासून सुरू होते.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी तू लवकर येऊन पूजेच्या खुणा पुसल्यास, माळा काढल्यास. चकतीही पुसलीस. वरून लख्ख झाली. आतली भोकं भरलेलीच राहिली. कॅप्टननी फेरी मारून पाहिलं, त्यांनाही चकती लख्ख दिसली. ते एका शिकणाऱ्या मुलीला घेऊन वर गेले आणि उंचीचा काटा होता तिथून हलेना. दिवस उजेडाचा, आकाश साफ, कॅप्टन जुने. नजरेच्या अंदाजाने एक फेरी मारून उतरले. कोणाला काही झालं नाही. पण ती मुलगी एकटी असती तर, ढग असते तर, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं.

साहेबांनी चकती खोलली. भोकांत लाल-पिवळा गाळ वाळून दगडासारखा बसला होता. त्यांनी तुला आत बोलावलं आणि दार लावलं. मी नळापाशी उभी होते, हातात ओलं कापड. तेव्हाच आत जायला पाहिजे होतं. दहा पावलं होती. मी ती दहा पावलं गेले नाही.

तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "मले एक महिना विमानाले हात लावाचा नाही. तू धू." बस, एवढंच. दुपारी फळ्यावर कागद लागला. मी शाळा फार शिकले नाही, पण तो कागद मी एका दमात वाचला. तुझं नाव आणि खाली निष्काळजीपणा हा शब्द. गेटवरचा चौकीदार तुला म्हणाला, बाई, तुम्ही तर पूजाच नाही करत, मग कुंकू तुमच्याच हातून कसं? तू झाडू चालवत राहिलीस. महिनाभर तू फरशी झाडलीस आणि मी तुझी विमानं धुतली. तू लांबून पाहायचीस. एकदा फक्त म्हणालीस, पोटाखाली नीट झोपून पुस, तिथं तेल दिसते. मी विमानाखाली फळीवर झोपून पुसत होते, म्हणून माझं रडणं कोणाला दिसलं नाही.

महिना संपला आणि तू साहेबांकडे एक नवी गोष्ट घेऊन गेलीस. पूजेच्या आधीही त्या भोकांवर पट्टी लावायची, लाल, लांब शेपटीची, दुरून दिसेल अशी. पूजा झाली की काढायची आणि भोकात डोळ्याने पाहायचं, बाहेरून पुसून सोडायचं नाही. साहेबांनी ते लिहून नियम केला. तेव्हापासून दर नवमीला सगळ्यांच्या आधी तू येत होतीस. जी बाई पूजेला हात लावत नव्हती ती पूजेआधी प्रत्येक विमानाभोवती फिरून पट्ट्या लावायची, म्हणजे बाकीच्यांनी मोकळ्या मनाने काय लावायचं ते लावावं. मला ह्याच्याइतकी मोठी गोष्ट दुसरी माहीत नाही. मी ती माझ्या पोरींना सांगितली आहे, फक्त कुंकू कोणाचं ते सोडून.

पुढच्या नवमीला तू पट्टीचं रीळ माझ्या हातात दिलंस. म्हणालीस, "तीन नंबरले तू लाव. कोठं लावाचं ते तुले माहीत हाय." मी तुझ्याकडे पाहिलं. तू बादलीकडे पाहत होतीस. तुला कळलं होतं की सहज म्हणालीस, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. नंतर कितीदा ठरवलं. डबा खाताना ठरवलं, इतवारीतून येताना ठरवलं. तू काहीतरी दुसरं बोलायला लागायचीस आणि मी ते ऐकत राहायची. मी मनात तुझ्याशी भांडतही होते. काहून घेतलीस माझी चूक स्वतःवर? मी मागितलं होतं का? माणूस आपल्या भल्यासाठी काही करतो आणि आपल्याला त्याचा राग येतो, तसं.

शेवटी दवाखान्यात आले तेव्हा तर ठरवूनच आले होते. प्रज्ञा चहा आणायला खाली गेली होती. तुझं अर्धं अंग चालत नव्हतं, जीभ जड झाली होती. मी खुर्ची जवळ ओढली. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, एक नंबरच्या पोटाले अजून तेल येऊन राहिलं का? मी म्हटलं, येते, साहेबांना सांगितलं मी. तू म्हणालीस, तू सांगितलं? मी म्हटलं, हो, तोंडाने. तू हसलीस, अर्ध्या तोंडाने. मग तुला झोप लागली आणि प्रज्ञा चहा घेऊन आली.

मला वाटलं, पुढच्या वेळी.

रविवारी भंतेजींचं प्रवचन झाल्यावर लोक तुझ्याबद्दल बोलायला उठले. तुझी शेजारीण बोलली, तुझा भाऊ बोलला. मग डोंगरे साहेब उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी सांगितलं की हँगरवर आलेल्या प्रत्येक पायलटने तुझ्या हातचं विमान उडवलं आहे. मग कौतुकानेच म्हणाले, अठरा वर्षांत या बाईच्या हातून एकच चूक झाली, आणि तीही तिने स्वतः कबूल केली, बहाणा नाही केला.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिला हे माहीतच नव्हतं. तू घरी सांगितलंच नव्हतंस. माझ्या पुढच्या दोन बाया एकमेकींना विचारायला लागल्या, कोणती चूक, काय केलं होतं? तुझ्या फोटोपुढे, तुझ्या माणसांत.

मी उठले. पाय चपलांत अडकले. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि साहेबांना वाटलं मी बाहेर चालले, ते थांबले.

मी म्हटलं, "साहेब, ते कुंकू मी लावलं होतं. तीन नंबरच्या चकतीवर, बोटानं दाबून. ताईनं नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला.   साहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता म्हणतील, एवढी वर्षं काय करत होत्या. ते म्हणाले, "शोभाबाई, कुंकू तिनं लावलं असं ती कधी म्हणालीच नाही."

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, बंद दाराआड काय झालं ते. त्यांनी तुला विचारलं होतं, कोणी लावलं? तू म्हणालीस, मी पुसलं, पण भोकात पाह्यलं नाही, ही माही चूक. साहेब म्हणाले, ते ठीक आहे, पण लावलं कोणी? आणि तू म्हणालीस, हे साहेबांनी तुझ्याच बोलीत सांगितलं, "लावणारी तिची चूक तिच्या तोंडानं सांगन, साहेब. मी माही सांगून राहिली."

ताई, मी खाली बसले. 

अकरा वर्षं मी समजत होते की तू माझी चूक घेतलीस. तू घेतलीच नव्हतीस. तू तुझी घेतलीस, तुझ्या वाट्याची, तेवढीच. माझ्या चुकीला तू हातसुद्धा लावला नाहीस. ती माझ्यासाठी तशीच ठेवलीस, आणि मी येऊन उचलीन असं साहेबांना सांगून ठेवलंस. नाव नाही सांगितलंस. लावणारी म्हणालीस. जी बाई साध्या रिव्हेटसाठी तोंड उघडू शकत नव्हती, तिच्याबद्दल तू इंजिनिअरला सांगून आलीस की ती सांगेल. इतका भरवसा माझ्यावर आजवर माझ्या आईनेही ठेवला नव्हता. मला रडू आलं ते उशिराचं होतं, पण सगळं दुःखाचं नव्हतं. तुझा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. आणि थोडा, लाजत का होईना, माझाही वाटला. तुझा अंदाज मी खोटा पडू दिला नाही.

प्रज्ञा पुढून उठून मागे आली आणि माझ्याजवळ चपलांतच बसली. तिचे डोळे भरलेले होते, पण तोंड अगदी तुझ्यासारखं. "अकरा वर्षं, मावशी?" ती हळूच म्हणाली. "आई असती तं म्हणाली असती, शोभीच्या मानानं लय लवकर सांगितलं." मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून बसलो, हसतो की रडतो ते लोकांना कळू नये म्हणून.

सोमवारी मी कामावर गेले. साहेबांनी बोलावलं. शिकणाऱ्यांची नवी तुकडी आली आहे, बारा जण. ते म्हणाले, विमान धुणं-पुसणं आणि उडायच्या आधी फेरी मारून पाहणं, हे मी दर तुकडीला शिकवतो, पण यंदा चकतीचं तुम्ही सांगा. काल सांगितलं तसंच. मी म्हटलं, मला नाही जमणार. ते म्हणाले, काल कोणाला विचारून उठल्या होत्या?

तीन नंबर बाहेर काढलं होतं. मी सकाळी धुतलं होतं, डाव्या अंगाला मेणाचा हात दिला होता, पंखावरून ऊन घसरत होतं. पोरंपोरी गोल करून उभी राहिली, सगळ्यांच्या हातात वह्या.  मी चकतीजवळ गेले, बोट दाखवलं, टेकवलं नाही. म्हटलं, हे भोक मी एकदा बंद केलं होतं. पूजेचं कुंकू लावून. मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, मी विचारलं नव्हतं. आणि ज्या बाईने मला सगळं शिकवलं तिने वरून पुसलं, आत पाहिलं नाही. दोघींची चूक अर्धी अर्धी होती. तिने तिची अर्धी त्याच दिवशी सांगितली.

पुढे उभी असलेली एक मुलगी होती, काटोलकडची वाटली बोलण्यावरून. तिने विचारलं, "अन् तुम्ही तुमची कधी सांगितली?"

"काल," मी म्हटलं.

ती हसली. मग सगळेच हसले. मी त्यांना हसू दिलं. मग बाजूला झाले आणि म्हटलं, आता एकेकाने या, लांबून नाही, जवळून पाहा. ते आले, वह्या काखेत धरून, उंच पोरं तर गुडघ्यावर हात टेकून. एक जण वाकून पाहायचा आणि मागच्याला जागा द्यायचा. डोंगरे साहेबही शेवटी रांगेत उभे राहिले, वाकले आणि पाहून गेले.